कोऱ्या पडद्यावरच्या सोळा ओळी

वाचताना नजर सरळ सरकत नाही. ती उड्या घेते. ओळखीच्या शब्दावर पाव सेकंद टेकते, अनोळखी शब्दापाशी रेंगाळते. यंत्र तिच्या प्रत्येक थांब्याचा ठिपका कागदावर उमटवते, आणि प्रयोगशाळेत ते ठिपके मोजणे हे माझे काम. त्या सकाळी यंत्रासमोर माझे वडील बसले होते.

पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. उभी हयात मुद्रितशोधनात घालवलेल्या या माणसाला आता शब्द तरी ओळखू येतात का, हे कुणालाच ठाऊक नव्हते. येत नसतील तर वाचेचे उपचार थांबवायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"बाबा, हनुवटी इथे टेकवा," ताई म्हणाली. "आणि चुका काढत बसू नका हं, मजकूर तुमच्या या धाकट्याने टाइप केलाय."

बाबा हसले नाहीत. पडद्यावर मजकूर आला. त्यांची नजर त्यावरून भिंतीवरल्या माशीसारखी भरकटली. खरे शब्द, मुद्दाम पेरलेले निरर्थक शब्द, सारे सारखेच.

मजकूर संपून पडदा कोरा झाला, तेव्हा त्यांची नजर डाव्या कडेला आली आणि वाचू लागली. ओळीमागून ओळ, सोळा ओळी. दर थांब्याला पाव सेकंद, पाठ झालेले पत्र वाचावे तशी. नवव्या ओळीच्या मध्यावर त्यांचे डोळे भरून आले.

"तुझ्या यंत्रालाच चष्मा लागलाय," ताई म्हणाली.

यंत्र तपासावे म्हणून मी स्वतः बसलो. कोऱ्या पडद्याच्या मध्यबिंदूकडे एकटक पाहत राहिलो. डोळे हलवल्याचे मला आठवत नाही. मग माझा कागद मी बाबांच्या कागदावर ठेवून उजेडात धरला. सोळा ओळी. तीच सुरुवात, तोच शेवट. फक्त माझी नजर जागोजागी रेंगाळली होती. नवव्या ओळीच्या मध्यावर तर चार सेकंद.

"काय लिहिलंय रे तिथे?"

"मला काहीच दिसलं नाही, ताई."

"मग रडतोयस कशाला?"

गालाला हात लावला. ओला होता.

बाबा पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होते.

अहवालात मी 'शब्द ओळखतात' एवढेच लिहिले. उपचार चालू राहिले. कोणते शब्द, हे डॉक्टरांनी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसलो. तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या खेपेला नवव्या ओळीच्या मध्यावर मला पाव सेकंद पुरला.