अठ्ठावीस बोअरची पहिली शिकार

डॅडींच्या अठ्ठावीस बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, बंदुकीचा टेबल-लॅम्प करायचा, असं हार्लनने ठरवलं होतं. नळीतून वायर, वर कापडी शेड, आणि मुक्काम त्याच्या दातांच्या दवाखान्यात, ताटकळणाऱ्या पेशंटांच्या डोक्याशी. हे त्याने डॅडींना पुरून आल्यावर कोंबडीची तंगडी चघळत जाहीर केलं. त्या दिवसापासून त्याच्या बहिणीने, मॉझेलने, भावाशी फक्त भांडण्यापुरतं बोलायचं ठेवलं.

"खेळणं आहे ते. पोराटोरांच्या हातात द्यायचं," हार्लन म्हणायचा.

"आणि तुझी बारा बोअर? लावा पक्ष्याला लागली की ताटात पिसं आणि शिसं. नेम धरता येत नाही म्हणून अख्खं रान झोडपतोस तू!"

खरं तर ती बंदूक चालायच्या काठीएवढी हलकी होती. दक्षिण जॉर्जियाच्या पाइनच्या रानात दिवसभर वागवली तरी खांदा कुरकुरत नसे. छर्रे थोडे, पण एकमेकांना धरून जाणारे. नेम बसला तर लावा जागच्या जागी मिटून पडे. चुकला तर बंदूक सावरून घेत नसे, आणि मॉझेलला तिचं हेच आवडायचं. सावरून घेणारे घरात बाकी सगळे होतेच.

जाता जाता डॅडींनी निवाडा देऊन ठेवला होता: शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी जो पहिला पक्षी पाडेल, बंदूक त्याची. घरचा जुना नियमही कायम होता. पाडलं ते त्याच संध्याकाळी खायचं. खाल्लं नाही, तर शिकार धरायची नाही.

आदल्या शनिवारी दोघं सराव करायला नेमबाजीच्या क्लबात गेले. मॉझेल "सोड!" म्हणाली आणि यंत्राने नेम धरायची मातीची नारिंगी तबकडी आकाशात भिरकावली. तिचा नेम चुकला. तबकडी पाइनच्या शेंड्यांवर गेली, जरा रेंगाळली, आणि डावीकडे वळली.

"गेली वाया!" हार्लन खुशीत ओरडला.

"वळली ती."

"वारा असेल."

वाऱ्याने पानही हलत नव्हतं. तबकडी पडल्याचा आवाजही आला नाही. पुढच्या चुकल्या त्याही तिकडेच वळल्या. हार्लन प्रत्येकीला टाळ्या वाजवत होता. मॉझेल इतकी पेटली होती की घाबरायला तिला सवड मिळाली नाही.

हंगामाच्या पहिल्या सकाळी गवत दवाने भिजलेलं होतं. डॅडींचा शिकारी कुत्रा डीकन वाळल्या गवताच्या कडेला थिजला. एक पाय वर, शेपूट ताठ, पक्षी हेरल्यावर नेहमी असतं तसंच. मानेवरचे केस मात्र उभे. लाव्यांसाठी ते कधी उभे राहत नसत.

मॉझेल दबकत पुढे गेली. रिंगण होतं. लावे रात्री बसतात तसं, शेपट्या आत, तोंडं बाहेर, अंगाला अंग लावून. फक्त तिथे लावे नव्हते. नारिंगी तबकड्या होत्या, कडेवर उभ्या, एकमेकींना खेटून. गवताच्या पात्यापात्यावर दव होतं. त्यांच्यावर नव्हतं.

"हा तुझाच चावटपणा," हार्लन म्हणाला. "लॅम्पचा राग!" आणि त्याने बुटाने एकीला टोकरलं.

रिंगण फुटलं.

पंखांचा तोच आवाज. छातीत घुसणारा.

हार्लनने दोन्ही बार उडवले. पाइनची एक फांदी खाली आली.

मॉझेलने अठ्ठावीस बोअरचा एकच टाकला.

एक तबकडी हवेत मिटली.

डीकनने ती दात न लावता आणली आणि मॉझेलच्या तळव्यावर ठेवली. कुठे तडाही नव्हता. ती गरम होती.

"हा काही पक्षी नाही," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"उडाला ना?"

"मॉझेल, अगं..."

"उडाला ना? पडला ना? कुत्र्याने आणला ना? तू काय पाडलंस? फांदी! घे, घरी नेऊन भाज!"

पक्षी नाही, हे तिला दिसत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ती कापडी शेड होती.

"पक्षी आहे. म्हण."

"बरं बाई. पक्षी आहे." हार्लन हसला. दाताला यंत्र लावण्याआधी तो असाच हसतो. "मग संध्याकाळी खायचा. नाही खाल्लास, तर लॅम्प."

"खाईन."

संध्याकाळी तिने कढईत चरबी तापवली. तबकडीला मीठ-मिरी चोळली, पिठात घोळवली, आत सोडली, झाकण ठेवलं. हार्लन गळ्यात रुमाल खोचून टेबलाशी बसला. उजेड उतरत होता. पांगलेले लावे या वेळी थवा जमवायला एकमेकांना हाका घालतात. पाइनमधून तशी शीळ आली, दोन सुरांची, चढत जाणारी. मग दुसरीकडून एक. मग कुंपणाशी.

डीकन टेबलाखाली शिरला.

"लावे," हार्लन म्हणाला.

"लावेच."

शीळ थांबली. बाहेर कुणी कान देऊन उभं असावं, तशी.

झाकणाखालून उत्तर आलं.

हार्लनने हळूच रुमाल काढला. "बंदूक घे तू. खाऊ नकोस. मी कुणाला सांगणार नाही."

"आता का? नियम आहे ना? लॅम्प करायचाय ना तुला?"

"मॉझेल, पाया पडतो."

"काटा दे इकडे."

तिने झाकण उचललं. आतली शीळ बारीक होती, आणि कुंपणापलीकडून सगळ्या बाजूंनी तिला साद मिळत होती.

काटा आत गेला, मऊ मांस लागलं, आणि बाहेरच्या शिळा एकदम बंद झाल्या.