ब्राइनाचा मुलगा

अमेरिकेला निघालेल्या बोटीच्या तळाशी, फळ्यांच्या बिछान्यांवर आमची सोय होती. भाच्यासाठी गरम पाणी मागायला मी वर गेलो आणि कपभर मिळवून खाली आलो, तर ब्राइनाताई रडत होती. तिचा वर्षाचा हिर्श तापानं निपचित पडला होता.

खालच्या फळीवरच्या त्सिपा आजी म्हणाल्या, "रडतेस काय? नाव बदल त्याचं. मरणाचा दूत नाव घेऊन शोधत येतो. नाव सापडलं नाही की बापडा परत जातो. आजपासून हा आल्तर."

आल्तर म्हणजे म्हातारा. आम्हा ज्यूंमध्ये आजारी पोराचं असंच करतात. सकाळी ताप उतरला.

"काय म्हातारबा, नातवंडं बरी ना?" सगळे चेष्टा करू लागले. ताईनं मात्र मला बजावलं, "झेलिक, जुनं नाव तोंडातून निघालं तर बघ!"

न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं. तपासणीच्या दालनात बाकांवर माणसंच माणसं. ओल्या लोकरीचा, कांद्याचा, औषधाचा वास. नाव पुकारलं की लगेच ओ द्यायची, नाहीतर परत पाठवतात, असं जो तो सांगत होता.

काळ्या कोटातला एक माणूस बाकांमधून सावकाश येत होता. आमच्याहूनही दमलेला. कोटातून पाणी ठिबकत होतं.

"हिर्श... ब्राइनाचा मुलगा..."

मी घाबरून हात वर केला. ताईनं माझं मनगट आवळलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं, हा साहेबांचा माणूस नव्हे. साहेब लोक बापाचं नाव लावतात. आईचं नाव आम्ही लावतो, तेही आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना...

तो माझ्यापुढे थांबला. त्याची नजर ताईच्या मांडीवरच्या पोराकडे वळू लागली.

"मीच," मी म्हणालो. "मीच हिर्श."

"ब्राइनाचा?"

"तिनंच वाढवलं मला..."

"एवढा मोठा..." तो पुटपुटला आणि पुढे गेला.

थोड्या वेळानं मेजामागच्या साहेबानं पुकारलं, "हिर्श, नोहेमचा मुलगा!" ताईनं तोंड न उघडता पोराला उचलून दाखवलं. आम्हाला सोडलं.

आता आम्ही इथं आधीच आलेल्या नोहेमभाऊजींच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत राहतो. ताई मलाही आल्तरच म्हणते. शेजारीण हसते, "दोन म्हातारे! एकाला दाढी नाही, दुसऱ्याला दात नाहीत!"

गेल्या शब्बाथला, आमच्या सुटीच्या वारी, आम्ही जेवायला बसलो होतो. दार वाजलं.

"हिर्श आहे का...?"

भाऊजी उठायला लागले. ताईनं त्यांची बाही धरली.

"त्या नावाचं इथं कुणी नाही," ती आतूनच म्हणाली. "इथं दोन म्हातारे राहतात."

बाहेरून एक थकलेला सुस्कारा आला.

"बरं... मग मी जरा बसतो."

जिन्याची पायरी करकरली. तो बसल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

उठल्याचा अजून आलेला नाही.