गल्लीखालचा माग

पटत नसेल तर वाचू नका, पण खोटं म्हणू नका. मी स्वतः तिथे उभा होतो.

मागच्या मे महिन्यातली भर दुपार. नागपूर, इतवारीमागची विणकरांची गल्ली. उन्हात कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं.

मी साइट इंजिनिअर. वीज, पाणी, केबल असं सगळं एकाच बोगद्यातून न्यायचं होतं. रस्ता उघडा खणला तर गल्ली वर्षभर बंद. म्हणून मीच ठरवलं, दोन टोकांना खड्डे घ्यायचे आणि खालून माणूस मावेल एवढा पाइप मशीनने ढकलत न्यायचा. वर कुणाला कळणारही नाही.

पण सखूबाईंना कळलं...

ऐंशीच्या पुढची ही म्हातारी दारातूनच म्हणाली, "खाली माग चालून राहिला गा."

"आजी, या गल्लीत आता माग उरलाच कुठे?" मी चिडलो.

"माह्या सासऱ्याचा हाय. खड्ड्यात पाय सोडून विणत. मांगून तो खड्डा बुजवला आम्ही."

डोकंच फिरलं माझं. पाण्याची गळती ऐकायची सळई आणली. एक टोक रस्त्यावर, दुसरं कानाला.

खट... खट... खट...

आईशपथ! मशीन बंद होतं. जेवणाची सुट्टी होती.

"चालू हाय तवर भेव नाही," आजी शांतपणे म्हणाली. "माग थांबला का आम्ही घरात धावत जाओ. माणसाले काही तरी झालंच राहे."

सुट्टी संपली. आमचा मुकादम धर्मेंद्र दोघा मजुरांना घेऊन पाइपात उतरायला निघाला. हसत म्हणाला, "साहेब, सासरे आजीचं नवं लुगडं विणून राहिले वाटते!"

मी हसलो नाही. सळई कानालाच होती.

मशीनच्या घरघरीतूनही ऐकू येत होतं. खट... खट...

आणि मग...

काहीच नाही.

मी खड्ड्याकडे धावत ओरडलो, "बाहेर या बे! सगळे बाहेर!"

धर्मेंद्र कुरकुरत वर आला. "काहून साहेब? आता तर उतरलो!"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात खालून धप्प आवाज झाला. चिखलाचा लोंढा आला आणि पाइप तोंडापर्यंत भरला.

तिघंही माझ्याशेजारी उभे होते.

नंतर तेवढा रस्ता उघडून पाहिला. खाली बुजवलेली जुनी विहीर निघाली. ती कुठल्याच नकाशात नव्हती. माग मात्र कुठेच सापडला नाही.

आता पुढच्या गल्लीत काम सुरू आहे. तिथेही रस्ता बंद करता येत नाही, म्हणून पद्धत तीच. रोज उतरण्याआधी धर्मेंद्र माझ्याकडे बघतो.

"साहेब, चालू आहे नं?"

मी सळई टेकवतो. कान लावतो.

'नाही' म्हटलं तर एकही माणूस खाली उतरणार नाही.

या गल्लीत पहिल्या दिवसापासून काहीच ऐकू येत नाही...

मी मान हलवतो. "चालू आहे. जा."

आणि तो वर येईपर्यंत सळई कानावरून काढत नाही.