माझ्यामागं बसलेल्या बाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी शपथा घालत बसणार नाही. हे माझ्याच बाबतीत घडलंय, नाशिकला, २००३ सालच्या नवरात्रात, द्वारका चौकाजवळच्या एका देवळात.

मी सुवर्णा. निफाडकडची, द्राक्षबागवाल्यांची पोर. बारावी झाल्यावर घरात भांडून, जेवण सोडून गाणं शिकायला नाशिकला आले. माझ्या गुरू साधनाबाईंनी मला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. फी नाही, काही नाही. घसा बसला की रागवायच्या, आणि रागवता रागवताच ज्येष्ठमधाचा काढा पुढे करायच्या. पोटच्या पोरीसारखा जीव लावला हो त्या बाईनं.

त्यांची एक पद्धत होती. मी गाताना त्या माझ्या पाठीमागे बसून तानपुरा छेडायच्या. मी वळून बघायचं नाही.

"माझं तोंड बघून गाशील, तर जन्मभर कुणाचं ना कुणाचं तोंड बघत बसशील," म्हणायच्या.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवरात्रापर्यंतच मुदत दिली होती. मनमाडचं स्थळ आलेलं, मुलगा रेल्वेत. देवळातला कार्यक्रम झाला की गाणं बंद. मला सोडायलाही मामाच आले होते. रागापायी अण्णांनी बाईंचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी रडले की बाई म्हणायच्या, "तू सूर सांभाळ. तुझ्या अण्णांशी मी बोलते. बोलल्याशिवाय कुठे जात नाही."

गणपती विसर्जनानंतर त्याच आठवड्यात बाई गेल्या. हार्ट अटॅक.

बोलायचं राहूनच गेलं.

त्यांच्या पुतण्यानं घराला कुलूप लावलं, तानपुरा घेऊन गेला. कार्यक्रमापुरती मी शेजारच्या भागीबाईंकडे राहिले.

त्या संध्याकाळी अण्णा जीप घेऊनच आले. माझी ट्रंक आधी जीपमध्ये टाकली, मग सभामंडपात येऊन खांबाला टेकून उभे राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही.

तबल्यावर झुंबरकाका. तानपुऱ्याच्या जागी कुणाकडून तरी आणलेला इलेक्ट्रॉनिक डबा, वायर लावली की वाजणारा.

माझ्यामागे कुणीच नव्हतं.

मी डोळे मिटून सुरुवात केली. सूर लागेना. कसाबसा लागला, आणि...

लाईट गेले.

माईक बंद. पंखे बंद. डबाही बंद. देवीपुढच्या समयांचा तेवढा उजेड.

संपलं सगळं, असं वाटलं. थांबावं म्हणून श्वास घेतला...

आणि तानपुरा ऐकू आला.

पाठीमागून. अगदी जवळून.

पहिली तार जरा जास्तच जोरात. बाई तश्शीच छेडायच्या.

झुंबरकाकांचा हात अडखळला. ते माझ्यामागे बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा रडू जास्त आलं. बाई, आलात? असं मनात म्हटलं आणि गात राहिले.

वळले नाही.

लाईट आले तेव्हा... मागे नुसती सतरंजी होती.

खांबापाशी अण्णा नव्हते.

बाहेर धावले. अण्णा जीपमधून माझी ट्रंक खाली उतरवत होते.

"अण्णा, काय झालं?"

"तुझ्यामागं बसल्या व्हत्या, त्या कोण गं?"

"मागं कुणी नव्हतं, अण्णा."

"मला नको शिकवू. चष्म्याला काळा दोरा बांधलेल्या बाई."

बाईंचा चष्मा तसाच होता.

"तुझ्याकडं बघतच नव्हत्या," अण्णा हळूच म्हणाले. "सारख्या माझ्याकडं... माझ्याशी बोलत व्हत्या."

"काय म्हणाल्या?"

"ते नको विचारू. तू इथंच ऱ्हा. मनमाडला मी कळवतो."

आणि निघून गेले.

आज मी जे काही गाते, ते बाईंचं देणं आहे. रोज सकाळी त्यांच्या फोटोला नमस्कार करते. पण तेव्हाच मनात येतं, बाई, माझ्या वडिलांना असं काय सांगितलंत?

अण्णा आता माझा एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. पण आत येत नाहीत. मंडपाबाहेर उभे राहतात, स्टेजकडे पाठ करून.

आई त्यांच्या शेजारी असते. ती सांगते, माझं गाणं सुरू झालं की ते घामाघूम होतात...

आणि मधूनमधून पुटपुटतात, "व्हय बाई. व्हय."