अंगठीच्या आत काय आहे?

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं. आज पुसत नाही.

मी लेखक वगैरे नाही, चुका सांभाळून घ्या. पण जे सांगतोय ते घडलंय. माझ्यासमोर घडलंय. आणि अर्धं तरी माझ्यामुळे घडलंय.

अर्धं नाही... जाऊ दे, तुम्हीच ठरवा.

ज्याच्यासोबत घडलं तो माझा मित्र, हुआत. तो असली भुताखेतांची पानं वाचत नाही, घाबरतो. म्हणून इथे लिहितोय.

ऑगस्टचा दुसरा शनिवार. मलेशियातलं पोर्ट डिक्सन, तेलुक केमांगचा किनारा.

रात्र नव्हती. वेळ सकाळची आठ, ओहोटी लागलेली, आणि ऊन आत्ताच चटके द्यायला लागलेलं.

मी आणि हुआत सेरेम्बानला राहतो. तो आईच्या टपरीवर नूडल्स परततो, मी मोबाईल दुरुस्त करतो. शनिवारी मशीन गाडीत टाकायचं आणि समुद्र गाठायचा, हा आमचा तीन वर्षांचा नाद. मशीन म्हणजे धातू शोधायचं. लांब दांडी, खाली गोल चकती, वर छोटा पडदा. वाळूखाली काही असलं की आवाज येतो आणि पडद्यावर आकडा येतो. बाटलीच्या बुचाचा वेगळा, नाण्याचा वेगळा, सोन्याचा वेगळा. सवय झाली की आकडे ओळखीच्या माणसांसारखे वाटतात.

"आज काय मिळणार रे वान?" हुआतने गाडीतून उतरताना विचारलं.

"तुझी अक्कल. गेल्या शनिवारी इथेच पडली होती."

"मग तुझं मशीन कामाचं नाही. ते फक्त धातू शोधतं, माझी अक्कल शुद्ध हिऱ्याची आहे."

असं आमचं चालायचं.

साडेनऊच्या सुमारास ओल्या वाळूत मला आकडा आला. एकसष्ट. स्वच्छ, गोड आवाज. हातभर उकरलं, जाळीचं फावडं पाण्यात हलवलं... आणि जाळीत अंगठी चमकली.

पिवळी. पातळ. आतून बाहेरून कोरी. नाव नाही, तारीख नाही.

खिशात टाकली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मशीनवाल्यांच्या ग्रुपचा नियम आहे. दागिना सापडला आणि कोणी "माझा" म्हणत आलं तर लगेच द्यायचा नाही. आधी विचारायचं, आत काय आहे? लोक आत नाव कोरतात, लग्नाची तारीख कोरतात. खऱ्या मालकाला ते माहीत असतं. आणि आत कोरं असेल तर तेही त्यालाच माहीत असतं.

गेल्या वर्षी एक गोड बोलणारा माणूस माझ्याकडून साखळी घेऊन गेला. आठवड्याने खरी मालकीण आली. माझ्यासमोर रडली. तेव्हापासून मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

अकरानंतर भरती चढायला लागली. आम्ही मागच्या बागेत गेलो, सुरूच्या झाडांखाली. शनिवारची गर्दी होती. चटया टाकलेल्या, नासी लमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या पुड्या सुटलेल्या, कुठेतरी रेडिओ. हुआत झोपाळ्यांपाशी गेला. मी एकटाच हिरवळीवर मशीन फिरवत होतो. हेडफोन गळ्यात, मशीनचा आवाज मोकळा.

बागेत मशीन कधी गप्प बसत नाही. बुचं, चांदीचे कागद, खिळे... सतत टुणटुण.

ते गप्प झालं.

बिघडलं म्हणून पडदा पाहिला. चालू होतं. चकती पुढे सरकवली. काही नाही. अजून पुढे...

समोर दोन पाय.

म्हातारी बाई होती. तपकिरी सारोंग, डोक्यावरून ओढणी. कोणाच्याही आईसारखी. मी चकती मागे घ्यायला हवी होती. पण ती तिच्या पायांपाशीच राहिली आणि मी तो आवाज ऐकत राहिलो, जो येत नव्हता.

माणूस वाजतो हो. प्रत्येक माणूस वाजतो. किल्ल्या, बांगडी, ओढणीची टाचणी, चपलेचं बक्कल, काहीतरी असतंच.

तिच्यापाशी काहीच नव्हतं. जमिनीतली बुचंसुद्धा गप्प होती.

"बाळा, माझी अंगठी दे."

अंगठीबद्दल मी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. हुआतलासुद्धा नाही.

लांबून पाहिलं असेल, मी मनात म्हटलं.

"कसली अंगठी, माकचिक?" आमच्याकडे मावशीला माकचिक म्हणतात.

"खिशातली."

"अशी कशी देणार? आधी सांगा, अंगठीच्या आत काय आहे? बरोबर सांगितलंत तर तुमची."

"आत?"

"हो, आत."

तिने डोळे मिटले. खरंच आठवत असल्यासारखे.

"आत बोट आहे."

मला हसू फुटलं.

"माकचिक, बोट सगळ्यांच्याच अंगठीत असतं. आणि या अंगठीत तर सध्या तेही नाही. चला, अजून एक संधी. टीव्हीवर देतात तशी."

"डाव्या हाताचं," ती म्हणाली. "करंगळीशेजारचं. नख मधोमध चिरलेलं. मधल्या पेरावर भाजल्याचा डाग, चिंचोक्याएवढा."

"चूक."

"नीट बघ."

"बघितलं. चूक, चूक, चूक. जा आता, घरचे जेवायला थांबले असतील."

ती हलली नाही. रागावली पण नाही.

"बरोबर सांगितलं तर माझी, असं तूच म्हणालास ना?"

"म्हणालो. पण बरोबर सांगायला लागतं."

मग ती पुढे सांगतच राहिली. एकेक गोष्ट, बोटांवर मोजत.

मी तिच्या तोंडासमोर हेडफोन कानावर चढवले. आवाज वाढवला. आणि पाठ फिरवली.

मजा वाटत होती मला. खोटं कशाला सांगू. म्हाताऱ्या बाईला उल्लू बनवतोय, ती वेड्यासारखी बडबडतेय, मजा वाटत होती.

दहाएक पावलांवर मशीन एकदम टुणटुणायला लागलं. मागे वळलो.

ती नव्हती. मोकळी हिरवळ. पळत गेली असती तरी दिसली असती...

हुआत खड्डे बुजवून आला. आम्ही खणलेला खड्डा तो कधी तसाच सोडत नाही, पोरं पडतात म्हणून.

"कोणाला हाकलत होतास रे?"

मी सगळं सांगितलं. तिच्या आवाजाची नक्कलही केली. "आत बोट आहे, बाळा..." बोट कसलं, डाग कसला, ते मात्र सांगितलं नाही. इतकं कोण लक्षात ठेवतं.

तो हसला. मग म्हणाला,

"द्यायची ना तिला. म्हातारं माणूस आहे."

"नियम आहे."

"तुझा नियम घाल चुलीत. दाखव अंगठी."

दिली.

डिसेंबरमध्ये हुआतचं लग्न ठरलं होतं, पेइ शानशी. ती महिनाभर त्याच्या मागे लागली होती, बोटाचं माप दे म्हणून. त्याने हसत हसत अंगठी बोटात घातली. डाव्या हाताच्या. करंगळीशेजारच्या.

"बघ! माझ्याच मापाची."

मला तेव्हा दिसायला हवं होतं.

शाळेपासूनचा मित्र. तो डाग मी हजारदा पाहिलाय. पंधराव्या वर्षी कढईला चिकटून भाजला होता. नख सुरीने चिरलं, ते परत नीट आलंच नाही. माझ्या डोळ्यासमोर होतं सगळं.

मला दिसलंच नाही.

"काढ आता," मी म्हणालो.

"काढतोय... थांब..."

निघेना.

साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला. बर्फात हात धरला. तासाभराने फायर स्टेशनला गेलो. तिथे रोज कोणीतरी अडकलेली अंगठी घेऊन येतंच. म्हातारा जवान होता, गमत्या.

"लग्नाआधीच अडकलास का रे?"

त्याने दोन मिनिटांत कापली. दोन तुकडे. टिश्यूत गुंडाळून मी गाडीच्या कप्प्यात ठेवले. हुआत बोट नाचवत बाहेर आला. आम्ही खाल्लं, प्यायलो, घरी गेलो.

रात्री त्याचा फोन आला.

"वान, खूण जात नाहीये."

"कसली?"

"अंगठीची. वळ आहे अजून."

"जाईल सकाळपर्यंत."

सकाळी त्याने फोटो पाठवला. वळ खोल गेला होता...

बोटावर काहीच नव्हतं. तरी तो वळ तासातासाला आत जात होता. कोणी बारीक तार आवळावी तसा.

दुखत नव्हतं. त्याचीच त्याला भीती वाटत होती. म्हणाला, "हे बोट माझं नाहीच असं वाटतंय."

सोमवारी बोट निळं. बुधवारी काळं. डॉक्टर त्याच्यावर ओरडले, काय बांधून ठेवलं होतंस, खरं सांग. तो काय सांगणार?

गुरुवारी बोट कापलं.

दवाखान्यातून येताना मी गाडीचा कप्पा उघडला. टिश्यूची घडी तशीच होती, मी घातलेली. उघडली.

आत काही नव्हतं. पाच दिवस उन्हात तापलेल्या गाडीत तो कागद ओला होता.

हुआत डाव्या हाताने कढई धरायचा. आता ती हातातून फिरते. दोनदा निखाऱ्यांवर सांडलं. आता टपरीवर त्याची आई उभी राहते, वय चौसष्ट. लग्न पुढे ढकललं. पेइ शानच्या घरचे म्हणतात पुढे ढकललं. हुआत म्हणतो मोडलं.

तीन आठवड्यांनी तोच म्हणाला, "वान, मशीन आण."

"कशाला?"

"आण तू."

त्याच्या खोलीत, भर दुपारी. त्याने हात टेबलावर ठेवला. मी चकती वर धरली. अंगठा, काही नाही. पहिलं बोट, दुसरं, काही नाही. मग जिथे बोट नव्हतं तिथे...

एकसष्ट.

स्वच्छ, गोड आवाज. टेबल लाकडाचं, खिळासुद्धा नाही. हात बाजूला केला, आवाज बंद. हात ठेवला... एकसष्ट. रिकाम्या जागेवर.

तेव्हा मी त्याला सांगितलं. नख, डाग, सगळं. तिने बरोबर सांगितलं होतं, मीच चूक म्हणालो, हेही सांगितलं.

तो मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने एवढंच विचारलं, "मग तिने अजून काय काय सांगितलं?"

"हेडफोन घातले होते मी."

"पण बोलत होती ना?"

"हो."

"किती वेळ?"

मी मशीन बंद केलं.

"बोटांवर मोजत होती म्हणालास. किती बोटं मोजली, वान?"

तेव्हापासून दर शनिवारी मी त्याच्याकडे जातो. तो शर्ट काढून खुर्चीत बसतो आणि म्हणतो, फिरव. मी पायापासून डोक्यापर्यंत चकती फिरवतो. हातापाशी एकसष्ट येतो, तो आता आम्हाला दोघांनाही पाठ झालाय. बाकी कुठे काही नसतं. मग तो चहा करतो.

आता जे वर लिहिलं नाही ते लिहितो.

हेडफोन कानावर बसायच्या आधी मी अजून एक ऐकलं होतं. एकच.

"आणि डावा डोळा. पांढऱ्यात तांबूस ठिपका..."

हुआतच्या डाव्या डोळ्यात जन्मापासून तसा ठिपका आहे. शाळेत आम्ही चिडवायचो, डोळ्यात मिरची पडली म्हणून.

हे मी त्याला सांगितलेलं नाही. रोज ठरवतो आज सांगू. काय सांगू? सांगून तो काय करणार आहे?

परवाच्या शनिवारी गेलो तर तो आरशासमोर उभा होता. पापणी ओढून बघत होता.

"काय झालं?"

"काही नाही रे. दोन दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय. धुतलं तरी जात नाही."

"दुखतं?"

"नाही ना. दुखत नाही."

मी मशीन लावलं. या वेळी हेडफोन जोडले. त्याने विचारलं आज हेडफोन कशाला, मी म्हटलं शेजारी झोपलेत.

पाय. पोट. छाती. हातापाशी एकसष्ट. गळा. उजवा गाल.

डावा डोळा...

मी पडदा माझ्याकडे वळवून धरला. त्याने डोळे मिटले होते. मिटलेल्या पापणीखाली डोळा हलत होता. माझ्या कानात आवाज येत राहिला. स्वच्छ. गोड.

"आहे काही?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याने श्वास सोडला. डोळे उघडले. माझ्याकडे बघून हसला, बऱ्याच दिवसांनी.

"वान, एक सांगू? बोटाचं मी सोडून दिलं. पण त्या दिवशीचं अजून काही आठवलं तुला, एखादा शब्द जरी, तर आधी मला सांगायचं. आईला नाही, पेइ शानला नाही. मला. तेवढं करशील?"

"करीन."

"शब्द दे."

मी हेडफोन काढले नव्हते. चकती खाली जमिनीवर होती. तरी कानात आवाज चालूच होता.

"दिला," मी म्हणालो. "आठवलं तर तुलाच आधी सांगेन."