एक सूर खाली

“तिच्याच हातनं उतरवून घ्या. तिला काय ठावं न्हाई.”

सासूबाई, म्हणजे आत्या, हे मामांना, माझ्या सासऱ्यांना, सांगत होत्या तेव्हा मी चहा घेऊन दाराआड उभी होते. बँडची एखादी धूनच उतरवायची असणार, असं मी मनाला समजावलं. माझ्या माहेरी, शिवऱ्याला, म्हणतात की बाधा उतरवणाऱ्यालाच ती लागते. पण नव्या सुनेनं सासरच्या प्रत्येक शब्दात उतारा शोधू नये.

भोरमध्ये आमचा बँड आहे. सोमनाथ, माझा नवरा, कॉर्नेट वाजवतो. त्याचे चुलते गेनूतात्या मयतीची धून वाजवता वाजवताच गेले. तेव्हापासून ती धून धरली की सोमनाथचा श्वास कोंडतो, ओठ निळे पडतात.

मामांनी त्या धुनेची छापील पानं माझ्यापुढं ठेवली. “पट्टी लई उंच हाय, शेफाली. एक सूर खाली घे. कम्प्युटरवर येतं न्हवं तुला?”

“येतं. पण पान स्कॅन केलं की कम्प्युटर त्यावरच्या डागालासुद्धा सूर समजतो, मामा.”

“मग तू नीट कर की,” आत्या घाईनं म्हणाल्या. “समदं तुज्याच हातानं.”

दुपारची वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. भिंतीशी ढोल रचलेले. चिंचेनं घासलेल्या पितळेचा आंबट वास. पानं स्कॅन केली, डाग पुसले. सुरांच्या वर मधूनमधून स्वल्पविरामासारख्या खुणा होत्या; वाजवणाऱ्यानं तिथं श्वास घ्यायचा. त्या तशाच ठेवल्या आणि धून लावून पाहिली.

जत्रेतल्या पिपाणीसारखा सपाट आवाज. पण खूण आली, आणि कुणीतरी श्वास ओढला... ओलसर, सावकाश.

कम्प्युटर श्वास घेत नाही. मी स्पीकर बंद केला. पडद्यावरची रेघ पुढच्या खुणेपाशी पोचली.

या वेळी श्वास ढोलांमागून आला.

उठणारच होते. पण संध्याकाळी नसरापूरला मयतीत वाजवायची सुपारी होती, आणि डोळ्यांपुढं सोमनाथचे ओठ. सगळे सूर निवडले, एक सूर खाली घेतले. कागद छापून निघाला तेव्हा त्यावर श्वासाची एकही खूण नव्हती.

खाली सोमनाथनं तो वाजवून पाहिला. न थांबता, न दमता. चेहरा कसा टवटवीत! आणि जिथं जिथं खूण होती, तिथं तिथं माझ्या छातीतली हवा कुणीतरी ओढून घेत होतं. मी चौकट धरली.

“उतरलं...” आत्या पुटपुटल्या.

“काय उतरलं, आई?” सोमनाथनं हसत विचारलं.

“सूर, बाळा.”

मामा त्याच्याकडं पाहतच नव्हते. ते माझ्याकडं पाहत होते. आत्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो आधीच भरून ठेवलेला होता.

मी पाणी घेतलं नाही. माझ्या मानेपाशी कुणीतरी संथ श्वास घेत होतं. मी तर श्वास रोखून धरला होता.

मग लॅपटॉप खाली आणला, त्या दोघांच्या मधोमध ठेवला आणि उघडला.

“मामा, आत्या... अजून एकदा उतरवता येईल. या वेळी तुमच्यापैकी कुणाच्या हातानं घेऊ?”