राणीसाहेबांचा डावा ब्रेक

"अहो, ब्रेक! ब्रेक दाबा!" ती ओरडली, तेव्हा तो माणूस ब्रेकच दाबत होता. निदान त्याची तशी ठाम समजूत होती.

उतारावरून एक जुनीपुराणी मोटारसायकल घरंगळत येत होती. इंजिन बंद, हातब्रेकची तार केव्हाच तुटलेली, चेन हॅंडलला अडकवलेल्या पिशवीत, आणि वर बसलेले चष्मेवाले गृहस्थ उजव्या पायाने जीव खाऊन काहीतरी दाबतायत. गाडी थांबायचं नाव घेईना. ती थेट फाटकातून गॅरेजमध्ये आली आणि जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. भुरभुर पाऊस पडत होता. टायरांत साचलेलं पाणी उसळून तिच्या अंगावर आलं.

"लागलं का?"

"मला नाही. हिला लागलं असेल," तो टायरांतून उठत म्हणाला. "ब्रेक गेलेत हिचे."

"पायाचा ब्रेक ठणठणीत आहे. तुम्ही गिअर दाबत होतात. जुन्या विलायती गाड्यांना गिअर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या."

"म्हणजे सगळंच उलटं!"

"तिला विचारलंत तर ती म्हणेल, तुम्ही उलटे."

तो हसला. चष्म्यावरच्या थेंबांआडून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि आपल्या गालाला ग्रीस लागलंय हे तिला एकदम आठवलं. एरवी दिवसभर ते लागलेलंच असे आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

गाडी त्याच्या काकांची होती. काका तिला राणीसाहेब म्हणत. जाण्याआधी ते आपल्या जिवलग मित्राला शब्द देऊन गेले होते, की माझ्यामागे राणीसाहेब तुझ्या. हा मित्र जुन्या मोटारसायकलींचा संग्राहक, मोठा चोखंदळ. त्यांचं ठरलं होतं, की गाडी टेम्पोत घालून आणायची नाही, घरच्या माणसाने चालवत दारात आणायची. आणि घरचं माणूस म्हणून उरला होता तो हा एकटा पुतण्या, जो दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा.

गॅरेज तिच्या बाबांचं. त्यांची कंबर धरल्यापासून काम सगळं ती बघे आणि बाबा खुर्चीतून हुकूम सोडत. त्यांनी तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "जीव गाडीला लावायचा, मालकाला नाही. गाडी चालू झाली की मालक वळून बघत नाही." तसंच घडताना ती बघत आली होती. लोक यायचे, चहा प्यायचे, तोंड भरून कौतुक करायचे, आणि गाडी घेऊन जायचे ते कायमचे.

हा मात्र आला की हलायचं नाव घेत नसे. दुकान बंद करून यायचा, बाह्या सारून टाकी घासायला बसायचा आणि नको ते प्रश्न विचारायचा.

"तुम्हाला कधी वाटत नाही... एखादी आपल्याकडेच ठेवून घ्यावी?"

"वाटतं."

"मग?"

"मग काय, पॉलिश करते आणि देऊन टाकते."

त्याने टाकी घासायचं थांबवलं. मग म्हणाला, "एकदा दुकानात या. डोळे तपासतो तुमचे."

"का? मला चांगलं दिसतं."

"लांबचं दिसत असेल... अगदी समोरचं दिसत नाही असं वाटतं."

बाबांना खोकला आला. त्यांचा खोकला वेळेचा फार पक्का होता.

टाकीवर काळा रंग चढला, त्यावर सोनेरी रेघ आली. आणि एका सकाळी राणीसाहेबांनी धुराचा भलामोठा लोट सोडला आणि संथ, भरदार ठोक्यात बोलायला लागल्या. तो टाळ्या वाजवत होता. तिलाही आनंद झाला, आणि पाठोपाठ मनात आलं, आता हा जाणार.

उरलं होतं ते त्याला गाडी शिकवणं. मागच्या मैदानात तो चालवायचा, ती पाठीमागे बसायची. इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून तिने खुणा ठरवल्या. उजव्या खांद्यावर चापट म्हणजे गिअर. डाव्या खांद्यावर चापट म्हणजे ब्रेक, थांब.

"मुद्दाम चुकताय तुम्ही," ती म्हणायची.

"चापटा हळू बसतात ना... शिक्षा वाटतच नाही."

पण एक दिवस त्याने एकही चापट न खाता अख्ख्या मैदानाची फेरी मारली. गाडी थांबली तरी दोघं तशीच बसून राहिली.

"जमलं," ती म्हणाली.

"हो... जमलं," तो नापास झाल्यासारखा म्हणाला.

गाडी काकांच्या मित्राकडे न्यायच्या दिवशी तिने चाकांतली हवा पुन्हा पुन्हा पाहिली. जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. त्याने चष्मा पुसला, परत घातला, पुन्हा पुसला.

"काही सांगायचंय?"

"हो... ऑइल बघत राहायला सांगा त्यांना."

तो चढावरून निघाला. ती मान खाली घालून हात पुसत राहिली. गाडीचे ठोके विरत विरत ऐकू येईनासे झाले.

"तो बघत होता गं," बाबा खुर्चीतून म्हणाले. "राणीसाहेबांना आरसा नाही, म्हणून मान वळवून वळवून बघत होता. तूच खाली बघत होतीस. मालकांबद्दल मी तुला सरसकट काहीतरी शिकवून बसलो."

तो पुन्हा आला नाही. ती एकदा त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली.

मग एका संध्याकाळी, असाच भुरभुर पाऊस असताना, उतारावरून एक मोटारसायकल आली. नवी, रोजच्या वापरातली. एका हाताने चष्मा पुसत तो डाव्या पायाने जीव खाऊन काहीतरी दाबत होता.

"ब्रेक!" ती ओरडेपर्यंत टायरांचा ढीग पुन्हा कोसळला होता.

"हिचा उजव्या पायाला असतो," ती धावत जाऊन म्हणाली.

"माहीत आहे मला. पायांना पटत नाहीये. भर चौकात बंद पडते, मागचे लोक उद्धार करतात माझा." तो टायरांतून उठला. "तक्रार घेऊन आलोय. शिकवलंय तुम्ही."

"इतके दिवस कुठे होतात?"

त्याचं हसू मावळलं. "वाट बघत होतो. शेवटच्या क्षणी तुम्ही ऑइलबद्दल बोललात... मला वाटलं, तेवढंच होतं."

तेवढंच नव्हतं! पण ती पुन्हा मान खाली घालून हात पुसू लागली. तो क्षणभर थांबला. मग "बरं..." म्हणून गाडी उचलायला वळला.

तिने त्याच्या डाव्या खांद्यावर चापट मारली.

तो जागच्या जागी थबकला. वळलासुद्धा नाही. "ही खूण... कुठल्या गाडीची?"

"राणीसाहेबांचीच," ती म्हणाली. "थांब. जाऊ नकोस. त्या दिवशीही हेच म्हणायचं होतं मला, तोंडातून मेलं ऑइल निघालं."

तो वळला. चष्मा पाण्याने पुरता धुरकटला होता, पण त्याने तो पुसला नाही. आत बाबांना खोकला आला असावा. त्यांनी तो दाबला.